कॉन्व्हेंटच्या जुन्या विद्यार्थ्यांची खुशाली आणि आठवणी कशा गोळा कराव्यात

शाळेचा सुवर्णमहोत्सव किंवा शताब्दी जवळ आली की माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप पडतो : ‘स्मरणिकेसाठी आपल्या आठवणी दोनशे शब्दांत लिहून पाठवाव्यात.’ त्यावर हात जोडलेले आणि अंगठे भरपूर येतात. आठवणी मात्र तिघाचौघांच्याच येतात, आणि त्याही एरवी दिवाळी अंकांत लिहिणाऱ्यांच्या. ज्यांच्याकडे खरोखर सांगण्यासारखं असतं, ते सत्तरी-ऐंशीतले लोक त्या ग्रुपवर नसतात. असले तरी सूनबाईंच्या फोनवर असतात.

सातारा, पाचगणी, सांगली, मिरज या पट्ट्यातल्या कॅथलिक शाळांच्या जुन्या मुला-मुलींचं काम कुणी हातात घेत असेल, तर माझं म्हणणं सरळ आहे. आठवणी मागवू नका, जाऊन विचारा. आणि विचारताना शाळेपासून सुरुवात करू नका. आधी खुशाली घ्या : सध्या कुठे असता, कुणाबरोबर, दिवस कसा जातो. गुडघे, नातवंडं, पेन्शन यांतून माणूस आपोआप शाळेच्या फाटकाशी येतो. स्मरणिकेतही आठवणीइतकीच जागा या खुशालीला द्या. साठ वर्षांपूर्वी शेजारच्या बाकावर बसणारी मैत्रीण आज कुठे आहे, हेच वाचणारा आधी शोधतो. मुख्य पाहुण्यांच्या शुभेच्छा कुणी वाचत नाही.

यादी

पहिलं काम यादीचं, आणि सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. बॅच ठरवताना शाळेतून शेवटची परीक्षा दिल्याचं साल धरा, जन्मसाल नको. एक खाचखळगा लक्षात ठेवा. १९७५ साली जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची मुलं एकाच वर्षी एसएससीला बसली. म्हणजे ‘पंचाहत्तरची बॅच’ म्हणणारे दोन वेगळे वर्ग असू शकतात, एकमेकांना जेमतेम ओळखणारे. त्यांच्या नावापुढे ‘जुनी अकरावी’ किंवा ‘नवी दहावी’ असं लिहून टाका, पुढचे वाद वाचतात.

दुसरा खळगा मुलग्यांचा. बऱ्याच कॉन्व्हेंटमध्ये मुलगे चौथीपर्यंतच असत, पुढची शाळा फक्त मुलींची. ते मुलगे पाचवीला दुसऱ्या हायस्कुलात गेले आणि आज स्वतःला त्या हायस्कूलचे माजी विद्यार्थी म्हणवतात. कॉन्व्हेंटच्या यादीत त्यांचं नाव कुणी घालत नाही. पण लहान वयातल्या शाळेच्या आठवणी त्यांच्याकडे फार ठसठशीत असतात, कारण तिथून त्यांना अर्ध्यावर निघावं लागलेलं असतं. बदलीच्या नोकरीतल्या लोकांच्या मुलांचंही तेच. मिरज जंक्शनवरचे रेल्वेवाले, कोयना प्रकल्पावरचे इंजिनियर, साखर कारखान्यांचे अधिकारी, बँकवाले, यांची मुलं दोन-तीन वर्षं राहून गेली. त्यांनाही यादीत घ्या.

नावं मिळवायच्या जागा अशा. वर्गाचे फोटो आणि शाळेची जुनी वार्षिकं सगळ्यांत उपयोगी. त्यानंतर शाळेचं जनरल रजिस्टर. मुख्याध्यापिकांना लेखी अर्ज द्या, काम काय आहे ते लिहा, आणि फक्त नाव आणि शाळा सोडल्याचं साल मागा. रजिस्टरमध्ये जात, जन्मतारीख, पालकांचा व्यवसाय असं सगळं असतं. पानांचे मोबाइलवर फोटो काढू द्या म्हणून हट्ट धरू नका. शाळेने नाही म्हटलं तर ते बरोबरच आहे. शाळेतल्याच कुणी बसून नावं उतरवून दिली तर उत्तम.

मुलींची नावं हा या कामातला सर्वांत अवघड भाग. रजिस्टरमध्ये माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, आणि आपल्याकडे लग्नात पाटावर बसवून पाळण्यातलं नावही बदलायची पद्धत होती. त्यामुळे ‘शाळेतली कुंदा’ शोधायला गेलात तर सासरी तिला त्या नावाने ओळखणारं कुणी सापडत नाही. म्हणून यादीत तीन रकाने हवेत : शाळेतलं नाव, सध्याचं नाव, आणि घरी किंवा वर्गात हाक मारायचे ते नाव. माहेरचा भाऊ किंवा भावजय हा सगळ्यात खात्रीचा धागा. गल्ली आणि वाडा माहीत असेल तर माणूस सापडतोच; वाड्याच्या जागी अपार्टमेंट झालं असलं तरी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला ते लोक कुठे गेले हे ठाऊक असतं.

सिस्टर्स आणि चर्च

शाळा कोणत्या संघाच्या, म्हणजे जोगिणींच्या कोणत्या धार्मिक संस्थेच्या, सिस्टर्सची आहे, ते आधी पक्कं करा. पाचगणीचं सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट १८९५ पासूनचं, ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या संघाचं. हा संघ १८३३ मध्ये बेल्जियममधल्या लिएज गावी स्थापन झाला. अशा प्रत्येक संघाचं प्रांतिक मुख्यालय असतं, आणि कोणती सिस्टर कोणत्या वर्षी कुठे होती याची नोंद तिथे असते. शाळेत ती असेलच असं नाही, कारण सिस्टर्सच्या बदल्या होत राहतात आणि आजच्या मुख्याध्यापिका कदाचित तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याच राज्यातून आलेल्या असतात. म्हणून अर्जाची एक प्रत प्रांतिक सुपीरियरना, म्हणजे त्या मुख्यालयाच्या प्रमुख सिस्टरना, पाठवा. निवृत्त सिस्टर्स संघाच्याच एखाद्या घरात राहतात. त्यांतल्या कितीतरी जणींना नव्वदीतही वर्गातली मुलं नावानिशी आठवतात.

इथे एक अडचण येते. जुन्या सिस्टर्सना संघात येताना नवं नाव मिळायचं. १९६२ ते ६५ मध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये सुधारणा करणारी बिशपांची सभा, झाली, आणि त्यानंतर पुष्कळ जणींनी आपलं बाप्तिस्म्याचं नाव परत घेतलं. पोशाखही बदलला. तेव्हा १९६० च्या मुलींनी सांगितलेली सिस्टर आणि १९७२ च्या मुलींनी सांगितलेली सिस्टर, नावं निरनिराळी असूनही एकच असू शकते. जुना फोटो संघाकडे पाठवून विचारा, नुसत्या नावावर जाऊ नका.

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या अखत्यारीत, येतात. स्थानिक चर्चच्या फादरना भेटलात तर गावातल्या जुन्या कॅथलिक कुटुंबांचा पत्ता लागतो. गोव्याकडची, मंगळुरूकडची, तमिळ, आणि आपली मराठी ख्रिस्ती घरं. रविवारी मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर दारात दहा मिनिटं उभं राहिलं तर फोनवर आठवडाभरात होत नाही तेवढं काम होतं. मिरजेत आणि वाईत प्रॉटेस्टंट मिशनचंही जुनं काम आहे. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल प्रेस्बिटेरियन मिशनचं. बाहेरचे लोक सगळ्यांना सरसकट ‘मिशनवाले’ म्हणतात, पण त्यांची दफ्तरं वेगळी, माणसं वेगळी. चुकीच्या दारात जाऊन कागद मागू नका.

फोन कसा करावा

हल्ली वयस्कर माणसं अनोळखी नंबर उचलत नाहीत, आणि उचलला तर ‘ओटीपी नाही देणार’ म्हणून ठेवून देतात. ते योग्यच आहे. म्हणून पहिला फोन ओळखीच्याने करायचा. प्रत्येक बॅचमधून एक माणूस निवडा. तो वर्गातला पहिला नंबर असायची गरज नाही. सगळ्यांच्या लग्नांना आणि दहाव्याला जाणारा माणूस हवा. त्याने सांगून ठेवलं की मग तुम्ही बोलायचं.

वेळ सकाळी अकरानंतरची किंवा दुपारच्या चहाच्या सुमाराची. बोलणं साधारण असं सुरू होतं :

‘नमस्कार काकू, मी साताऱ्यातून बोलतेय. तुमच्याच शाळेतली, पण तुमच्यानंतर पुष्कळ वर्षांनी.’
‘कुणाची गं तू?’

या प्रश्नाला घाईघाईने उत्तर देऊ नका. माहेर कुठलं, वडील काय करायचे, कोणत्या सिस्टर वर्गावर होत्या, हे सगळं नीट सांगा. समोरच्या बाईंना तुमची जागा सापडली की त्या बोलू लागतात. पहिल्या फोनवर काहीही लिहून घ्यायचं नाही, फक्त भेटीची वेळ ठरवायची. ऐकू कमी येत असेल तर फोनचा अट्टहास सोडा आणि पोस्टाने एक पान पाठवा. मोठ्या टायपात, दोन ओळींत भरपूर अंतर, सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. ऐंशीच्या पुढच्या माणसाला पत्राचं उत्तर द्यायची सवय आहे, मेलचं नाही.

काय विचारायचं

खुशालीसाठी एवढं पुरे : सध्याचं गाव, घरात कोण कोण, आयुष्यभर मुख्य काम काय केलं, आता वेळ कशात जातो, आणि शाळेतलं कुणी संपर्क केला तर चालेल का. ‘मुख्य काम’ असंच विचारा, ‘नोकरी’ नको. कारण नोकरी न केलेल्या बायका ‘काही नाही, घरीच’ म्हणून गप्प होतात, आणि त्यांनी चाळीस वर्षं हळदीच्या पेढीचा हिशेब सांभाळलेला असतो. तब्येतीचं त्यांनी आपणहून सांगितलं तरच, आणि छापायचं का ते विचारून.

खुशालीची एक नोंद किती असावी, तर नमुन्यादाखल एवढी : ‘१९६९, जुनी अकरावी. माहेर सातारा, सध्या सांगलीत विश्रामबागला मुलाकडे. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पती २०१६ मध्ये गेले. सकाळी गच्चीतल्या कुंड्या, संध्याकाळी नातीचा अभ्यास. इंग्रजी स्पेलिंग अजून सिस्टरांच्या पद्धतीने घोकून घेते. भेटायला आवडेल, आधी फोन करावा.’ यात विशेषण एकही नाही, आणि तरी बाई उभ्या राहतात.

आठवणींसाठी ‘शाळेबद्दल सांगा’ हा प्रश्न निरुपयोगी. त्याला ‘शिस्त फार होती, संस्कार मिळाले’ हे एकच उत्तर येतं, सगळ्यांकडून. बारीक विचारा. शाळेत कोणत्या रस्त्याने जायचात, चालत की टांग्याने? डब्यात काय असायचं, आणि कुणाच्या डब्यावर डोळा असायचा? कॅथलिक मुली कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला, गेल्या की बाकीच्या मॉरल सायन्सच्या तासाला कुठे बसायच्या? मिसा तुम्ही पाहिली ती लॅटिनमधली की नंतरची? लॅटिन प्रार्थनेचे शब्द कानावर पडल्याचं आठवत असेल, तर तो काळ साधारण साठच्या दशकाच्या मध्याआधीचा. नाताळच्या नाटकात तुम्ही कोण होतात? मेंढपाळ झालेली माणसं मरियम झालेल्यांपेक्षा जास्त गमतीने सांगतात. घंटा कोण वाजवायचं? शिपाईमामांचं नाव काय, आया कुठल्या गावची? हा शेवटचा प्रश्न चुकवू नका, कारण त्या लोकांचं नाव शाळेच्या कुठल्याही फलकावर नसतं.

साल आठवत नसेल तर सालाचा आग्रह धरू नका, सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनेचा खुंटा द्या. आपल्या भागात सर्वांत पक्का खुंटा ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. पहाटे सव्वाचारच्या पुढे जमीन हलली आणि सातारा-सांगलीतलं प्रत्येक घर जागं झालं. ‘भूकंपाच्या वेळी तुम्ही कितवीत होतात?’ या एका प्रश्नावर वर्ग, वर्गशिक्षिका, घर, शेजार सगळं रांगेने येतं. बोर्डिंगमध्ये असलेल्यांना हा प्रश्न विचाराच. त्याआधीच्या लोकांना १ मे १९६० चा महाराष्ट्राचा पहिला दिवस, १९६५ मध्ये शास्त्रीजींनी सांगितलेला सोमवारचा उपास. नंतरच्यांना १९७२ चा दुष्काळ. माण, खटाव, जत, आटपाडीकडून आलेल्या मुलींना तो दुष्काळ वेगळा आठवतो आणि गावातल्या मुलींना वेगळा. दोन्ही शेजारी शेजारी छापा.

रेकॉर्डिंग

साधा मोबाइल पुरतो. पंखा बंद, टीव्ही बंद, कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्यावर बसा. फोन घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलाची खडखड येत नाही. सुरुवातीला तारीख, गाव आणि ‘रेकॉर्ड केलेलं चालेल ना?’ हे त्यांच्या होकारासकट रेकॉर्ड होऊ द्या. पाऊण तासाच्या वर बसू नका. मध्येच ‘नाही काकू, ते एकोणसत्तर साल असणार’ असं दुरुस्त करू नका. ते घरी गेल्यावर तपासता येतं, तुटलेला ओघ परत येत नाही. मुलगा किंवा सून शेजारी बसून उत्तरं देऊ लागली तर त्यांना गोड बोलून चहाला पाठवा.

उतरवून घेताना भाषा धुऊ नका. या लोकांच्या बोलण्यात मराठी, कोकणी आणि शाळेतलं इंग्रजी एकत्र नांदतं. ‘सिस्टर म्हणायच्या, गर्ल्स, नो टॉकिंग, आणि आम्ही खुसूखुसू हसायचो’ हे वाक्य तसंच ठेवा. मोबाइलचं मराठी व्हॉइस टायपिंग कच्च्या मसुद्याला चालतं, पण आडनावं आणि गावांची नावं ते हमखास बिघडवतं. संपूर्ण मजकूर एकदा कानाने ऐकून ताडून पाहा.

फोटो

काळ्या कागदाच्या जुन्या अल्बममधून फोटो उपटायचे नाहीत. अल्बमसकट सावलीत, खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय फोटो काढा. सुटा असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करा. नावं वेगळ्या कागदावर रांगेप्रमाणे, डावीकडून उजवीकडे लिहा. मागे लिहायचंच झालं तर मऊ पेन्सिलीने आणि हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. जी ओळखू येत नाही तिच्या जागी प्रश्नचिन्ह टाका आणि फोटो पुढच्या घरी न्या. अंदाजाने नाव घातलंत तर ते कायमचं चिकटतं.

सांगलीकरांचा प्रश्न आणखी वेगळा. २००५ चा पूर आणि मग ऑगस्ट २०१९ चा, आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हाचा. यांत नदीकाठच्या गावभागातल्या कितीतरी घरांचे अल्बम भिजले. काचेला चिकटून वाळलेला फोटो ओढू नका, काचेवरूनच तिरक्या उजेडात त्याचा फोटो घ्या. एकमेकांना चिकटून वाळलेले असतील तर चाकू घालू नका. तसेच ठेवा आणि त्याच वर्गाची दुसरी प्रत दुसऱ्या कुणाकडे आहे का ते शोधा. वर्गाचा फोटो तीसचाळीस घरांत गेलेला असतो, एखादी प्रत साताऱ्यात, गोव्यात किंवा थेट मस्कतला निघतेच.

जे गोड नाही ते

मार, अपमान, फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभं राहणं, मराठी बोललं म्हणून दंड. हे निघणारच. संपादक मंडळी असं सगळं काढून टाकतात आणि मग स्मरणिका बेचव होते. माझं मत, प्रसंग ठेवा आणि व्यक्तीचं नाव काढा. ज्या सिस्टरने पट्टी मारली तिनेच पुढे फी भरली असेल, तर दोन्ही गोष्टी सांगणाऱ्याच्या शब्दांत येऊ द्या. एकीने दुसरी झाकायची नाही.

शाळेला जोडून मोफत बोर्डिंग किंवा अनाथालय असेल, तर तिथल्या मुलींकडे मुद्दाम जा. त्या स्नेहमेळाव्याला येत नाहीत, ग्रुपवर नसतात, आणि त्यांची शाळा डे-स्कॉलर, म्हणजे घरून येणाऱ्या, मुलींच्या शाळेपेक्षा निराळी होती : पहाटेची कामं, वेगळा जेवणाचा हॉल, सुट्टीतही तिथेच. त्यांच्याशी बोलायला सिस्टर्सकडूनच दुवा मिळतो. नाव छापायचं की नाही हे सर्वस्वी त्यांनी ठरवायचं. नको म्हणाल्या तर फक्त बॅच लिहा, आणि त्यांच्या कुटुंबाला ओळखता येईल असं गाव किंवा साल त्यात राहू देऊ नका.

कुणाचाही मजकूर छापण्याआधी त्याला वाचून दाखवा, फोनवर का होईना. हमखास एखादं वाक्य गाळायला सांगतात. गाळा. आणि गंमत अशी की त्याच वेळी आणखी दोन चांगली वाक्यं देतात.

गेलेल्यांची यादी

ही यादी ऐकीव माहितीवर कधीच करू नका. घरच्या माणसाशी बोलून खात्री झाल्यावरच नाव घाला. जिवंत माणसाचं नाव श्रद्धांजलीच्या पानावर छापलं गेलं तर कुठलाही खुलासा पुरत नाही. खात्री होत नसेल तर ‘संपर्क होऊ शकला नाही’ अशी वेगळी यादी करा. नावांपुढे ‘कैलासवासी’ लावायचं की काही नाही, यात धर्म आडवा येतो. सरसकट नाव आणि वर्ष एवढंच बरं. कॅथलिक रिवाजात नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना, २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस. शाळेच्या चॅपेलमध्ये त्या सुमारास माजी विद्यार्थी आणि शिक्षकांसाठी मिसा ठेवा असं सुचवलं, तर सिस्टर्स आनंदाने ठेवतात आणि हिंदू, मुसलमान, जैन घरची माणसंही येतात.

छपाई

डीटीपीवाल्याला, म्हणजे संगणकावर पानं लावणाऱ्याला, विचारून घ्या की तो युनिकोडमध्ये काम करतो की श्रीलिपी या जुन्या फॉन्टपद्धतीत. तुम्ही मोबाइलवर टाइप केलेला मजकूर युनिकोड असतो; श्रीलिपीत बदलताना रफार आणि जोडाक्षरं जागा सोडतात. ‘सर्व’, ‘प्रार्थना’, ‘कॉन्व्हेंट’ हे शब्द प्रूफमध्ये आधी शोधा. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, वाचणारे कोण आहेत ते बघा. कागद चकचकीत घेऊ नका, दिव्याखाली वयस्करांच्या डोळ्यांवर चमकतो. पानं सोळाच्या पटीत बसवली की छपाईत वाया जात नाही. नोंदी बॅचप्रमाणे आणि बॅचमध्ये अकारविल्हे. कलेक्टर झालेली आणि घरी राहिलेली एकाच पानावर, एकाच टायपात. देणगीदारांची नावं शेवटच्या पानावर बारीक. फोन नंबर पुस्तकात कुणाचाही नको. संमती दिलेल्यांची वेगळी यादी बॅचच्या माणसाकडे राहू द्या.

उरलेल्या प्रती वाटून टाकू नका. एक शाळेला, एक संघाच्या मुख्यालयाला, एक गावच्या नगर वाचनालयाला. रेकॉर्डिंग आणि फोटो दोन हार्ड डिस्कवर ठेवा, आणि दोन्ही एकाच गावात नकोत. सांगलीच्या नगर वाचनालयातही २०१९ ला पाणी शिरलं होतं. त्यामुळे एक डिस्क नदीकाठापासून लांब, शक्यतो साताऱ्याकडे वरच्या अंगाला.

पुस्तक निघालं की बॅचच्या माणसाला सांगून ठेवा, दर जूनमध्ये, शाळा सुरू होतात तेव्हा, प्रत्येकाला एक फोन : पत्ता बदलला का, घरात काही नवं-जुनं झालं का. बॅचगणिक अर्ध्या पानाची पुरवणी होते. ती झेरॉक्स काढून मूळ पुस्तकात सरकवता येईल अशा आकाराची करा.